खोल समुद्रात मासा सुखरूप, पाणबुडी मात्र चिरडते, असं का?

जून २०२३ मध्ये 'टायटन' ही छोटी पाणबुडी अटलांटिक महासागरात टायटॅनिकच्या अवशेषांकडे उतरत असताना चिरडली गेली आणि आतल्या पाचही जणांचा मृत्यू झाला. टायटॅनिक बुडून पडलंय तिथे समुद्र साधारण ३,८०० मीटर खोल आहे. त्या दिवसांत 'पाण्याचा प्रचंड दाब' हे शब्द सगळ्यांच्या कानावर पडले, दाबाचे मोठमोठे आकडेही छापून आले. पण एक प्रश्न तसाच राहिला. त्याच अवशेषांच्या चित्रफितींमध्ये मासे आणि खेकड्यांच्या जातीचे प्राणी आरामात हिंडताना दिसतात. टायटॅनियम आणि कार्बन फायबरचं कवच जिथे तगलं नाही, तिथे मऊ अंगाचा मासा कसा तगतो?

प्रश्न बाळबोध वाटतो, पण दाबाबद्दलचे बहुतेक गैरसमज याच्याच आसपास आहेत. एखादी वस्तू फुटणार की टिकणार हे नुसत्या दाबाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. तिच्या एका बाजूला किती दाब आहे आणि दुसऱ्या बाजूला किती, हे पाहावं लागतं. आपण ज्या उपकरणांनी दाब मोजतो, त्यांतली बहुतेक उपकरणंही हा दोन बाजूंतला फरकच दाखवतात.

आधी तीन शब्द

'जोर', 'वजन' आणि 'दाब' हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी खपून जातात. इथे त्यांना वेगळं ठेवावं लागेल. आपला पहिला शब्द दाब. एखाद्या पृष्ठभागावर काटकोनात पडणारं बल त्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर वाटलं की जे मिळतं तो दाब. दोन पायांवर उभा असलेला माणूस एका पायावर आला, तर त्याचं वजन तेवढंच राहतं. तळपायाखालचा दाब मात्र दुप्पट होतो.

दुसरा शब्द द्रायू. जे वाहतं ते द्रायू, म्हणजे द्रव आणि वायू दोन्ही. आपण इथे फक्त स्थिर द्रायूंबद्दल बोलतोय: टाकीत साठलेलं पाणी, संथ तलाव, वारा पडलेला असतानाची हवा.

तिसरा शब्द घनता, म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं ते. एक लिटर पाण्याचं वस्तुमान एक किलो, तर एक लिटर पाऱ्याचं १३.६ किलो.

दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो

सूत्र पाठ करण्याआधी एक साधा हिशेब करून पाहू. तळ एक चौरस सेंटिमीटर आणि उंची दहा मीटर, असा पाण्याचा उभा स्तंभ डोळ्यांसमोर आणा. दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर. म्हणजे स्तंभात हजार घन सेंटिमीटर, अर्थात बरोबर एक लिटर पाणी आहे आणि त्याचं वजन एक किलो. हे सगळं वजन त्या एक चौरस सेंटिमीटर तळावर येतं.

म्हणून पाण्यात दर दहा मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब वाढतो. प्लंबर 'दोन किलोचं प्रेशर आहे' म्हणतो तेव्हा त्याला हेच सांगायचं असतं: टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून वीसेक मीटर वर आहे. पुस्तकातलं सूत्र हाच हिशेब थोडक्यात मांडतं. खोली, घनता आणि गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा) यांचा गुणाकार म्हणजे त्या खोलीवरच्या द्रवामुळे येणारा दाब.

समुद्राचं पाणी खारं, त्यामुळे गोड्या पाण्याहून किंचित जड. ३,८०० मीटरवर त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९० किलो होतो. तळहाताएवढी, शंभर चौरस सेंटिमीटरची जागा घेतली तर तिच्यावर ३९ टन.

इतक्या दाबाखाली पाणीच दबून घट्ट होत असेल, मग हा सरळ हिशेब कसा चालेल? पाणी दबतं, पण अगदी थोडं. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशीही ते जेमतेम पाच टक्के आकसतं. त्यामुळे पाण्यापुरता हा गुणाकार निर्धास्त वापरता येतो. हवेला तो तसाच लावता येत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

वजन खाली जातं, मग दाब आडवा कसा?

इथे अनेकजण अडतात आणि अडणं रास्तच आहे. वरच्या पाण्याचं वजन खालच्या दिशेने पडतं, मग टाकीच्या बाजूच्या भिंतीला भोक पडल्यावर धार आडवी का उडते?

कारण 'स्थिर' या शब्दात आहे. पाण्याच्या आतला एक बारीकसा भाग घ्या. त्याला डावीकडून जास्त आणि उजवीकडून कमी रेटा असता, तर तो उजवीकडे सरकला असता. घन वस्तू घर्षणामुळे जागच्या जागी अडून राहू शकते; साचलेल्या पाण्यात तसं अडून राहण्याचं बळ नसतं, थोडाही आडवा ताण आला की ते वाहू लागतं. ज्या अर्थी ते वाहत नाहीये, त्या अर्थी त्या बिंदूवर सगळ्या दिशांनी दाब सारखाच आहे. खोली तीच असेल तर दाब खाली जेवढा, तेवढाच आडवा आणि तेवढाच वरच्या दिशेनेही.

बुडालेल्या वस्तूचा खालचा पृष्ठभाग वरच्यापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून त्याला खालून मिळणारा रेटा वरून येणाऱ्या रेट्यापेक्षा थोडा जास्त असतो. जहाजं तरंगतात ती या फरकावर.

पाणी जास्त तर दाब जास्त, असंच ना?

असं नाही, आणि दाबाच्या अभ्यासातली सर्वांत चकवणारी गोष्ट मला हीच वाटते. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्येच ती मांडली होती.

तीन भांडी घ्या. तिन्हींचा तळ सारख्या क्षेत्रफळाचा आणि तिन्हींत पाण्याची उंची सारखी. एक भांडं सरळ भिंतींचं, दुसरं वर पसरत गेलेलं, तिसरं वर निमुळतं होत गेलेलं. दुसऱ्यात पाणी सर्वांत जास्त, तिसऱ्यात सर्वांत कमी. तरी तिघांच्या तळावर पाणी सारख्याच बलाने दाबतं.

मग दुसऱ्या भांड्यातल्या जादा पाण्याचं वजन गेलं कुठे? ते तिरप्या भिंतींनी पेललं आहे. पाणी भिंतीला काटकोनात ढकलतं आणि भिंत पाण्याला उलट ढकलते. भिंत बाहेरच्या बाजूला कललेली असल्यामुळे त्या उलट ढकलण्याचा काही भाग वरच्या दिशेने असतो. तिसऱ्या भांड्यात नेमकं उलट होतं: आत कललेल्या भिंती पाण्याला खाली रेटतात आणि कमी पाणी असूनही तळावरचा दाब पुरा भरतो. ही भांडी वजनकाट्यावर ठेवली तर काटा अर्थातच वेगवेगळी वजनं दाखवेल, कारण काट्यावर भिंतींमार्फत आलेलं बलही पोहोचतं.

गवंडी दोन भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा करण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिचा आधार हाच. नळी मध्ये कितीही लोळवा, वळवा, तिच्यातलं पाणी स्थिरावलं की दोन्ही टोकांना पातळी एकच. मात्र नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर खूण चुकू शकते, म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते पाहिलं जातं.

धरणालाही हेच लागू. भिंतीमागे पाणी एक किलोमीटर पसरलंय की शंभर, याने संथ पाण्याचा भिंतीवरचा दाब बदलत नाही. चाळीस मीटर खोलीवर चौरस सेंटिमीटरला चार किलो, बस. पाण्याची उंची मात्र फार महाग पडते. उंची दुप्पट झाली की सरासरी दाब दुप्पट होतो आणि भिजणारी भिंतही दुप्पट उंच होते, म्हणजे एकूण बल चौपट. धरणाची भिंत पायाशी रुंद होत जाते, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

आता मासा

माशाचं शरीर बहुतांशी पाणी. त्याच्या पेशींतल्या आणि रक्तातल्या द्रवांचा दाब बाहेरच्या पाण्याएवढाच असतो. आत ३९० आणि बाहेरही ३९०, मग चिरडायला फरकच उरत नाही. पाणबुडीच्या पोकळीत मात्र माणसं श्वास घेऊ शकतील अशी, जमिनीवरच्यासारखी हवा असते. आत एक किलो, बाहेर ३९०. हा सगळा फरक एकट्या कवचाला तोलून धरावा लागतो.

२३ जानेवारी १९६० ला जॅक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' या यानातून मारियाना गर्तेच्या, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल दरीच्या तळाशी, जवळपास १०,९०० मीटर खोल गेले. या यानाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. दोघं बसले होते तो पोलादी गोल सुमारे तेरा सेंटिमीटर जाड भिंतीचा होता. त्या गोलाला तोलून धरणारा वरचा भलामोठा तरंगणारा कक्ष मात्र पातळ पत्र्याचा होता. तो पेट्रोलने भरलेला होता आणि खालून समुद्राच्या पाण्याला खुला होता. त्यामुळे आतल्या पेट्रोलचा दाब बाहेरच्या पाण्याबरोबर वाढत जाई आणि पत्र्यावर फरक जवळपास पडतच नसे. एकाच यानात, एकाच खोलीवर, एक भाग जाडजूड पोलादाचा आणि दुसरा पातळ पत्र्याचा. दोन्ही सुखरूप परतले.

म्हणजे माशाला दाबाने काहीच होत नाही का? होतं. ज्या माशांच्या पोटात वायूची पिशवी असते, त्यांना खोलातून झटकन वर ओढलं तर बाहेरचा दाब कमी होताच ती फुगते आणि आतडी-जठर तोंडावाटे बाहेर येऊ शकतं. अतिखोल पाण्यातल्या स्नेलफिश या माशाला अशी पिशवीच नसते. हा मासा ८,३३६ मीटर खोलीवर चित्रित झाला आहे. शिवाय इतक्या दाबाखाली प्रथिनांच्या घड्या बिघडतात, म्हणून अशा माशांच्या पेशींत प्रथिनांना सावरणारं एक रसायन भरपूर असतं. आत-बाहेर दाब सारखा असला की चिरडण्याचं संकट टळतं, पण रेणूंच्या पातळीवरची झीज टाळायला वेगळी सोय लागतेच.

आपणही तळाशीच राहतो

इटालियन शास्त्रज्ञ इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली याने १६४४ मधल्या एका पत्रात लिहिलं की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी बुडून राहतो. त्याच्या प्रयोगात एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंड बोटाने दाबून, पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली होती. बोट काढल्यावर पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला. त्याच्या वर नळीत जवळजवळ निर्वात जागा राहिली. नळीतल्या पाऱ्याच्या डोक्यावर काहीच दाब नाही, भांड्यातल्या पाऱ्यावर हवेचा दाब आहे, आणि हा फरक ७६ सेंटिमीटर पारा उचलून धरतो. पाण्याने हाच प्रयोग करायचा तर १३.६ पट, म्हणजे दहा मीटरहून लांब नळी हवी.

हे खरंच हवेचं वजन असेल, तर उंचावर पारा उतरायला हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालने हे तपासायचं काम आपला मेहुणा फ्लोरँ पेरिए याच्यावर सोपवलं. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए फ्रान्समधल्या प्युइ द दोम या डोंगरावर चढला. निघण्यापूर्वी त्याने पायथ्याच्या शहरात, मठाच्या बागेत एक नळी मांडून ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका धर्मगुरूला बसवलं. शिखरावर पारा आठ सेंटिमीटरहून जास्त उतरलेला आढळला. पेरिएने तिथे आडोशाला, उघड्यावर, वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा तोच. खाली बागेतल्या नळीतला पारा दिवसभर जागचा हलला नव्हता. त्या बसवून ठेवलेल्या माणसाचं मला फार अप्रूप वाटतं. तो नसता तर 'त्या दिवशी हवाच बदलली असेल' ही शंका कायम राहिली असती.

हवा दबते, म्हणून तिचा हिशेब पाण्यासारखा सरळ नसतो. गाद्यांची उंच चळत रचली तर खालच्या गाद्या वरच्यांच्या भाराने चेपून पातळ होतात, वरच्या फुगलेल्या राहतात. हवेच्या थरांचं तसंच आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाच किलोमीटरवर गेलं की निम्मी हवा आपल्याखाली राहते. एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोहून किंचित जास्त भरतो. माणसाच्या सगळ्या त्वचेवरचा हा भार जोडला तर सतरा टनांच्या घरात जातो. तो जाणवत नाही याचं कारण वर माशाच्या बाबतीत आलं तेच. विमान चढता-उतरताना कानाच्या पडद्याच्या दोन बाजूंत थोडा फरक पडतो आणि तेवढा लगेच जाणवतो.

ओढून पाणी वर येतं का?

स्ट्रॉने पेय ओढताना आपण त्याला खेचतो असं वाटतं. आपण फक्त तोंडातला दाब कमी करतो. पेय वर ढकलते ती ग्लासातल्या पृष्ठभागावर दाबणारी हवा. हवेची ताकद ठरलेली आहे. तोंडाच्या जागी कितीही जबरदस्त पंप लावला तरी वरून ओढलेलं पाणी १०.३ मीटरपलीकडे चढत नाही, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरवरच दम संपतो. खोल बोअरवेलमध्ये पंप तळाशी सोडतात तो यासाठी. खालून ढकलण्याला अशी मर्यादा नाही.

लांब नळी तोंडात धरून पाण्याखाली खोलवर श्वास घेता येत नाही, तेही यामुळेच. एक मीटर खोलीवर छातीवर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम जादा दाब येतो. ३० बाय ३० सेंटिमीटरची छाती धरली तर ९० किलो, आणि फुप्फुसात मात्र नळीतून येणारी वरचीच हवा. एवढा भार रेटून छाती फुगवणं जवळपास अशक्य. पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांच्या पाठीवरची यंत्रणा भोवतीच्या पाण्याएवढ्या दाबाची हवा तोंडात सोडते, तेव्हा कुठे श्वास घेता येतो.

मग शंभर मीटरहून उंच झाडांच्या शेंड्याला पाणी कसं पोहोचतं? तिथे हवा ढकलत नसते. पानांतून पाणी वाफ होऊन जातं आणि बारीक नलिकांमधली पाण्याची अखंड तार रेणूंच्या आपसातल्या घट्ट पकडीमुळे वर ताणली जाते. त्या पाण्यात ताण असतो, म्हणजे त्याचा दाब शून्याच्याही खाली असतो. उघड्या पाइपात असा ताण टिकत नाही, बुडबुडे होऊन तार तुटते.

गेजवरचं शून्य म्हणजे कुठलं शून्य?

पंक्चर झालेल्या टायरला गेज लावलं की काटा शून्यावर. पण टायरमध्ये हवा आहेच, बाहेर आहे तेवढ्याच दाबाची. गेज आत-बाहेरचा फरक सांगतं. '३२ भरली' म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ३२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) जास्त. निर्वातापासून मोजलं तर सुमारे ४७. पहिल्याला गेज दाब म्हणतात, दुसऱ्याला निरपेक्ष दाब. हवामान खात्याचा आकडा निरपेक्ष असतो, टायरचा आणि रक्तदाबाचा गेज.

यंत्रांवरची गोल डबी बहुधा बूर्दों गेज असते. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये ते आणलं. आत चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला की ती किंचित सरळ होते आणि दातेरी चाकांमार्फत काटा फिरवते. मोबाइलमधल्या दाबमापकात काटा नसतो, एक अतिपातळ पडदा वाकतो आणि त्याने विद्युतरोध बदलतो. तो इतका नाजूक असतो की तुम्ही एक मजला चढलात तरी त्याला कळतं.

एककांचा गुंता थोडक्यात असा: एक चौरस मीटरवर एक न्यूटन म्हणजे एक पास्कल, आणि हे एकक फार छोटं. हवेचा प्रमाण दाब १,०१,३२५ पास्कल, १,०१३ हेक्टोपास्कल किंवा ७६० मिलिमीटर पारा, तिन्ही एकच.

रक्तदाबाचा '१२०' हा या मिलिमीटर पाऱ्यातला आकडा आहे, बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त. रक्त वाहतं, तरी खोलीचा नियम त्याला चुकत नाही. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो, वर राहिला तर तेवढाच कमी. म्हणून हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवायला सांगतात. हात खाली लोंबकळत ठेवून मोजलं, तर निरोगी माणसाचाही रक्तदाब वाढलेला दिसू शकतो.

टाकी तेवढ्याच उंचीवर, मग धार का बारीक होते?

दहा मीटर आणि एक किलो यांचं गणित पाणी थांबलेलं असेपर्यंतच चालतं. नळ उघडला की पाणी पाइपाच्या आतल्या पृष्ठभागाला घासत, वळणांवर आपटत येतं आणि त्यात दाब खर्च होतो. शेजारचा दुसरा नळ उघडला की त्याच पाइपातून जास्त पाणी धावतं आणि घट आणखी वाढते. टाकी उंचावर नेऊनही धार बारीकच राहते तेव्हा गेज लावून दोनदा वाचन घ्यावं. सगळे नळ बंद असतानाचा आकडा पाण्याची उंची सांगतो. मग गेजच्या पुढचा नळ पूर्ण उघडून पुन्हा पाहायचं. पहिला आकडा उंचीप्रमाणे येत असेल आणि दुसरा एकदम कोसळत असेल, तर टाकी आणखी वर चढवण्याआधी वाटेतला पाइप तपासावा. तो अरुंद असेल, आतून क्षार साचून चोंदला असेल, किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल.